शिशाची रेघ

रंगीत काचेच्या खिडकीसमोर उभं राहिलं की नजर रंगांवर जाते. मला मात्र आधी शिसं बघावंसं वाटतं. चित्रातली जाड काळी रेघ म्हणजे बहुधा शिशाची पट्टी. दोन तुकडे तीच धरून ठेवते आणि आकृतीची कडही तीच रेखते. ती भलत्या जागी गेली, तर रंग कितीही सुंदर असोत, चित्र फसतं.

ही रेघ मनाला येईल तशी नेता येत नाही, कारण काच ऐकत नाही. हिरकणीने किंवा बारीक चाकाने काचेवर एकदाच, सलग ओरखडा काढायचा. हात योग्य दाबला गेला की एकसारखी करकर ऐकू येते. मग दोन्ही अंगठ्यांनी तुकडा मोडायचा. सरळ रेघ सहज तुटते. आत वळलेली कड मात्र थोडी थोडी करत, पकडीने कुरतडत काढावी लागते. काटकोनात आत शिरणारा कोपरा घेऊच नये, तडा तिथूनच जातो. म्हणून कागदावर आराखडा काढतानाच काच कुठे तुटेल, याचा विचार करावा लागतो.

इंग्लंडमधल्या यॉर्क मिन्स्टरची पूर्वेकडची भव्य खिडकी जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या काळात घडवली. तिचे ३११ भाग दुरुस्तीसाठी २००८ मध्ये उतरवले गेले आणि काम संपायला २०१८ उजाडलं. घडवायला तीन वर्षं, दुरुस्तीला दहा! शतकानुशतकं तडकलेली काच सांधताना जागोजागी जास्तीचं शिसं घातलं गेलं होतं. त्यामुळे चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या दिसेनाशा झाल्या होत्या. ते शिसं काढल्यावर थॉर्नटनची मूळ रेघ पुन्हा वाचता आली.

आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये विल्यम वेल्सच्या खिडक्या आहेत. राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयातल्या काचाही बघण्यासारख्या. दुपार कलल्यावर जावं. टॉवरची ओव्हल मैदानाकडची बाजू पश्चिमेची आहे, त्यामुळे ऊन तेव्हा त्या बाजूने येतं.

घरी हे काम करणाऱ्यांना शिशाच्या पट्ट्यांपेक्षा तांब्याची चिकटपट्टी सोयीची पडते. प्रत्येक तुकड्याच्या कडेला ती गुंडाळायची, डाग नीट धरावा म्हणून फ्लक्स लावायचं आणि कथील-शिशाचा डाग देऊन तुकडे जोडायचे. न्यूयॉर्कच्या टिफनीच्या कारखान्यातले दिवे याच पद्धतीने बनत. तिथल्याच क्लारा ड्रिस्कॉलने आखलेल्या विस्टेरिया दिव्यात सुमारे दोन हजार तुकडे आहेत. इतकी बारीक नक्षी जाड शिशात मावलीच नसती. डाग देताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय खाण्याच्या वस्तूला शिवू नये.

नवख्याने दहा-बारा तुकड्यांचंच चित्र घ्यावं, पण रेघा स्वतः आखाव्यात. आयत्या नमुन्यांवर हात चांगला बसतो, यात शंका नाही. पण पाकळी कुठे तोडायची आणि देठाची रेघ कडेपर्यंत कशी न्यायची, हे आराखडा पाच-सहा वेळा खोडल्यावरच उमगतं.