दिंडी दरवाजा किती उघडावा?

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्यावर लोखंडी सुळे आहेत, आणि त्याच दारात माणसापुरते एक छोटे दार आहे. त्याला दिंडी दरवाजा म्हणतात. मोठे दार बंद ठेवूनही माणसांची ये-जा या दिंडीतून होऊ शकते. येणारा वाकूनच शिरणार, एका वेळी एकच शिरणार, म्हणजे पहारेकऱ्याला त्याच्याकडे नीट पाहता येणार. कचेरीतली ई-मेल घरी बसून कशी वाचायची हा आजचा विषय, आणि तो समजायला ही दिंडी फार उपयोगी पडते.

ज्यांची मेल जीमेलसारख्या सेवेवर आहे त्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांचे टपाल मुळात कचेरीत नसतेच. पण अनेक संस्था आपली पत्रे आपल्याच खोलीतल्या सर्व्हरवर ठेवतात. त्या सर्व्हरच्या आणि बाहेरच्या इंटरनेटच्या मध्ये फायरवॉल उभी असते. हा शब्द मूळचा इमारतींचा. एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून बांधलेली भिंत ती फायरवॉल.

संगणकाला क्रमांक दिलेली पासष्ट हजारांवर दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. टपाल स्वीकारण्याचे दार २५ क्रमांकाचे, साठवलेली पत्रे वाचण्याचे १४३ क्रमांकाचे, आणि सुरक्षित वेबसाइटचे ४४३ क्रमांकाचे. फायरवॉलचा चांगला नियम एकच: जे दार मुद्दाम उघडले नाही ते बंद. आतला माणूस स्वतःहून बाहेरची वेबसाइट पाहायला गेला, तर ती नोंद ठेवते आणि उत्तर तेवढे आत सोडते. घरचा माणूस परतला तर त्याला कोण अडवणार? पण बाहेरच्याने आपण होऊन दस्तक दिली, तर दार उघडत नाही. पंचवीस क्रमांकाचे दार अनेकदा उघडे असते खरे, पण ते पत्रपेटीच्या फटीसारखे. त्यातून पत्र आत टाकता येते, आतले वाचता येत नाही.

गंमत अशी की वेबमेलच्या जन्मालाच फायरवॉल कारण झाली. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ हे अमेरिकेत एका कंपनीत नोकरी करत होते. आपली खासगी मेल त्यांना कचेरीतून पाहता येईना, कारण मध्ये कंपनीची फायरवॉल. मग मेल वेबसाइटच्याच रूपात का असू नये, असा विचार पुढे आला. ४ जुलै १९९६ रोजी त्यांनी हॉटमेल सुरू केले. तिथे आत बसून बाहेरचे पत्र वाचायचे होते. आपल्याला बाहेर बसून आतले वाचायचे आहे. युक्ती तीच, दिशा उलटी.

मी ज्या छोट्या वाङ्मयीन संस्थेचे काम पाहतो, तिचा मेल सर्व्हर कचेरीतच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. संस्था वृद्ध लेखकांना औषधपाण्यासाठी थोडी मदत देते. त्यांचे अर्ज आणि दवाखान्याची बिले मेलवर येत होती, आणि आम्ही चौघे आपापल्या घरी अडकलेलो. ‘अर्ज पाठवलाय, पाहिलात का?’ असे फोन येत. कुणीतरी सुचवले, फायरवॉल काही दिवस बंदच ठेवा ना! मला ते पटेना. त्या अर्जांत माणसांचे आजार होते, बँकेचे खातेक्रमांक होते. ते वेळेवर वाचणे जितके गरजेचे, तितकेच ते भलत्याच्या हाती न पडणेही.

अशा वेळी दोन रस्ते असतात. पहिला वेबमेलचा. सर्व्हरवर राउंडक्यूबसारखा मोफत कार्यक्रम बसवतात. तो दुभाषाचे काम करतो. बाहेर तुमच्या ब्राउझरशी वेबसाइटच्या भाषेत बोलतो, आत पत्रांच्या कोठाराशी मेलच्या भाषेत. त्यामुळे पत्रे वाचण्यासाठी बाहेरून ४४३ हे एकच दार उघडावे लागते. त्या दाराला प्रमाणपत्र हवे, म्हणजे वाटेत कुणाला पासवर्ड वाचता येत नाही आणि आपण खऱ्या सर्व्हरशीच बोलतो आहोत याची खात्री पटते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते विनामूल्य देते.

त्यातही पाहुण्याला थेट माजघरात न्यायचे नसते. जाणकार लोक मध्ये एक वेगळा संगणक ठेवतात, ज्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. ही आपली ओसरी. बाहेरून येणारा ओसरीवर थांबतो, त्याचा निरोप आत जातो, उत्तर ओसरीवर येते. ओसरी आणि माजघर यांच्यामध्येही फायरवॉलचा नियम असतो. शिवाय पासवर्डाच्या जोडीला मोबाइलवरचा बदलता आकडा मागायची सोय करतात, म्हणजे नुसता पासवर्ड चोरून कुणाचे भागत नाही. सगळे झाले की तपासणी मोबाइलच्या इंटरनेटवरून करावी. कचेरीच्या वायफायवरून केलेली तपासणी म्हणजे घरात उभे राहून आपलेच दार वाजवणे.

दुसरा रस्ता व्हीपीएनचा. यात वेबमेलचे दार बाहेरच्या जगाला दिसतच नाही. घरचा संगणक आधी कचेरीशी एक बंदिस्त बोगदा जोडतो, आणि मग तो जणू कचेरीतच बसल्यासारखा काम करतो. वायरगार्ड हा यातला मोफत आणि सुटसुटीत कार्यक्रम. ज्याच्याकडे ठरलेली किल्ली नाही, त्याला तो उत्तरच देत नाही. आतून ‘कोण आहे?’ असा आवाजसुद्धा येत नाही.

यातला कोणता निवडावा? वाचणारे शेकडो असतील आणि कुठल्याही संगणकावरून वाचणार असतील, तर वेबमेल आणि ओसरी. मोजकी माणसे, ठरलेले संगणक असतील, तर व्हीपीएन. आम्ही चौघेच, म्हणून आम्ही दुसरा रस्ता धरला. सर्व्हर सांभाळणारा तरुण परवानगी काढून एकदा कचेरीत गेला, चार किल्ल्या तयार केल्या, आणि अर्ज घरी वाचता येऊ लागले.

हा भेद किती मोलाचा, ते पुढच्याच वर्षी जगाला कळले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरमध्ये चार दोष असल्याचे उघड झाले आणि २ मार्च २०२१ रोजी कंपनीने तातडीची दुरुस्ती दिली. हल्लेखोर त्याआधीपासूनच त्यांचा फायदा घेत होते, आणि शिरकाव होत होता तो ४४३ क्रमांकाच्या दारातूनच. पासवर्ड ठाऊक असण्याचीही गरज नव्हती, कारण खोट कुलपातच होती. नॉर्वेच्या संसदेतून माहिती चोरीला गेली. युरोपीय बँकिंग प्राधिकरणाला आपली मेल यंत्रणा खबरदारी म्हणून काही काळ बंद ठेवावी लागली. मायक्रोसॉफ्टने तेव्हा दुरुस्तीबरोबरच सांगितले, की परक्यांना ४४३ वर येऊ न देणे किंवा सर्व्हर व्हीपीएनच्या मागे ठेवणे, यामुळे पहिला शिरकाव रोखता येतो. पण जो आधीच आत पोचला आहे, त्याच्यावर याचा इलाज नाही.

याचा अर्थ वेबमेल वाईट असा नाही. पण उघडे दार हे एकदा करून विसरण्याचे काम नव्हे. दुरुस्ती आली की त्याच दिवशी बसवावी लागते. कोण आत आले, किती वेळा चुकीचा पासवर्ड टाकला गेला, याच्या नोंदी कुणीतरी वाचाव्या लागतात. व्हीपीएनलाही हे सुटत नाही. नोकरी सोडून गेलेल्याची किल्ली त्याच दिवशी रद्द करावी, हरवलेल्या लॅपटॉपचीही.

तेव्हा तुमच्या संस्थेत कुणी ‘घरून मेल दिसेल अशी सोय करू’ म्हणाले, तर जरूर करा. फक्त आधी विचारा, दार कोणते उघडणार, कुणासाठी, आणि उद्यापासून त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? तिसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचे नाव मिळेपर्यंत दिंडीची कडी लावलेलीच असू द्या.