कुत्र्याच्या जठराला पीळ पडतो तेव्हा

रात्रीचे साडेदहा वाजले होते. जेवणं उरकली होती, मी भांडी डिशवॉशरमध्ये लावत होतो आणि आमचा ब्रूनो स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून पुन्हा स्वयंपाकघरात अशा येरझाऱ्या घालत होता. ब्रूनो म्हणजे साडेसात वर्षांचा, ३८ किलो वजनाचा जर्मन शेफर्ड. एरवी जेवला की गालिच्यावर आडवा होणारा. त्या रात्री मात्र बसायचा, उठायचा, वळून स्वतःच्या पोटाकडे बघायचा. मग मान खाली घालून ओकायला लागला. सगळं अंग गदगदा हलत होतं, आवाज मोठा, पण बाहेर पडला तो नुसता लाळेचा फेस. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

आई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. ती म्हणाली, "अरे, पोट फुगलंय त्याचं. हिंगाचं पाणी पाज, नाहीतर ओवा दे थोडा. सुटेल वारा." आईनं आयुष्यभर गोठा सांभाळलाय. फुगलेली गाय तिनं डोळ्यांदेखत बरी होताना पाहिली आहे. तिला अडाणी म्हणायची माझी प्राज्ञा नाही. शिवाय मलाही तेच ऐकायचं होतं. "बघू जरा" म्हणत मी ४० मिनिटं घालवली. हा लेख त्या ४० मिनिटांबद्दल आहे.

आपल्या भाषेत या दुखण्याला सहज "पोटफुगी" म्हटलं जातं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. गाईगुरांची पोटफुगी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कोवळा, ओला लसूणघास किंवा बरसीम जास्त खाल्ला की गाईच्या पोटात वायूचा फेस होतो, तिला ढेकर देता येत नाही आणि डावी कूस ढोलासारखी फुगते. त्यावर गोडं तेल पाजतात. त्यामागे विज्ञान आहे, तेलानं फेस मोडतो आणि वायू सुटा होऊन बाहेर पडतो. फारच झालं तर पशुवैद्य डाव्या कुशीत नळी खुपसून वायू मोकळा करतात. गाईचा हा आजारही जिवावर बेततो, पण तिथे मुख्य अडचण वायूची असते, आणि वायूला वाट मिळाली की बहुतेक वेळा गाय सावरते.

कुत्र्यात वायू ही अर्धीच गोष्ट असते. त्याचं जठर एखाद्या पिशवीसारखं असतं. एका टोकाला अन्ननलिका, दुसऱ्या टोकाला आतडं, आणि मधला भाग सैलसर बंधांनी धरलेला. ही पिशवी हवेनं आणि अन्नानं फुगली की कधीकधी स्वतःभोवती फिरते. बहुतेक वेळा ती सर्जनच्या नजरेतून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते, अर्धा फेरा, पाऊण फेरा, क्वचित पूर्ण फेरा. कागदात गुंडाळलेल्या गोळीची दोन टोकं आपण पिळतो ना, तसं काहीसं होतं. वरची वाट बंद, खालचीही बंद. आत गेलेली हवा आतच. म्हणूनच कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो आणि काही पडत नाही. पीळ पडलेल्या पिशवीत हिंगाचं पाणी पोचणारच नाही. उलट ओकाऱ्या काढणाऱ्या कुत्र्याच्या ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

इंग्रजीत याला बोलीभाषेत ब्लोट म्हणतात आणि दवाखान्यात जीडीव्ही. माणसांच्या बाबतीत आपण "आतड्याला पीळ पडला" म्हणतो आणि ते ऐकल्यावर कुणी ओवा शोधत नाही, गाडी काढतो. कुत्र्यासाठीही "जठराला पीळ" हाच शब्द वापरावा, असं मला आता वाटतं.

पीळ पडल्यावर कुत्रा मरतो तो पोटदुखीनं नाही, रक्ताभिसरण कोसळल्यानं. फुगलेलं जठर पाठीच्या कण्याजवळून जाणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देतं. शरीराच्या मागच्या अर्ध्या भागातलं रक्त याच शिरेतून हृदयाकडे परत येत असतं. ते अडलं की हृदयाकडे पंप करायला रक्तच पुरेसं पोचत नाही, रक्तदाब घसरतो आणि कुत्रा शॉकमध्ये जातो. त्याच वेळी जठराच्या भिंतीला होणारा रक्तपुरवठा पिळाखाली तुटतो आणि तो भाग मरायला लागतो. प्लीहा जठराला जोडलेली असते, ती त्याच्याबरोबर ओढली जाते. छोट्या रक्तवाहिन्या फाटून पोटात रक्तस्राव होतो. फुगलेलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं, त्यामुळे श्वासही उथळ होतो. हे सगळं काही तासांत. आपोआप पीळ सुटेल या आशेवर बसण्यासारखं यात काही नाही.

ओळखायचं कसं? माझ्या मते एकच खूण घट्ट लक्षात ठेवली तरी पुरे: पुन्हापुन्हा ओकण्याचा जोरदार प्रयत्न, आणि बाहेर काही नाही, फार तर फेस किंवा चिकट लाळ. मोठ्या कुत्र्यात हे दिसलं की बाकीच्या खुणा मोजत बसू नये. अस्वस्थपणा, धापा, तोंडातून सतत लाळ, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय पसरून मागचा भाग उंच धरणं, हेही दिसतं. पोट टणक आणि टिचकी मारली तर डफासारखं वाजतं.

पण फुगलेल्या पोटाची वाट पाहू नका. खोल छातीच्या कुत्र्यांचं जठर बरंचसं बरगड्यांच्या आड असतं. सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही, केसाळ कुत्र्यात तर नाहीच. ब्रूनोचं पोट मला "जेवल्यावर असतं तेवढंच" वाटत होतं.

हिरड्या मात्र बघाव्यात. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. बोटानं दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. हे आजच, कुत्रा धडधाकट असताना करून पाहा, म्हणजे नेहमीचा रंग डोळ्यांत बसेल. (काही जातींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तिथे डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघता येते.) त्या रात्री सव्वाअकराला मी ब्रूनोची हिरडी दाबली. पांढरा ठिपका तसाच राहिला. मी मनात तीनपर्यंत मोजले आणि मग किल्ल्या शोधायला धावलो.

अशा वेळी घरी करण्यासारखं फारसं काही नसतं. अन्न, पाणी, औषध, काहीही तोंडातून द्यायचं नाही. वायू कमी करणाऱ्या माणसांच्या गोळ्याही नाहीत. पोट चोळायचं, दाबायचं नाही. यूट्यूबवर बघून घशात नळी घालायचा प्रयत्न तर अजिबात नको. एकानं गाडी चालवावी, दुसऱ्यानं वाटेतूनच रात्रीच्या इमर्जन्सी दवाखान्याला फोन करून "मोठा कुत्रा आहे, कोरड्या ओकाऱ्या काढतोय, ब्लोटचा संशय आहे" एवढं सांगावं. तेवढ्यावर ते तयारीला लागतात. कुत्रा उभा राहत नसेल तर जाड चादरीवर घेऊन दोघांनी चार टोकं धरून उचलावं. आम्ही आईची सोलापुरी चादर वापरली. उपयोगी वस्तू.

दवाखान्यात आधी पुढच्या पायांत मोठ्या सुया लावून सलाइन जोरात सोडतात. पुढच्याच पायांत, कारण मागच्या पायांतून दिलेलं सलाइन त्या दाबल्या गेलेल्या शिरेपाशी अडेल. तोंडातून नळी घालून किंवा बरगड्यांमागे जाड सुई टोचून हवा काढतात. कुत्र्याला उजव्या कुशीवर झोपवून एक्स-रे घेतात. पीळ असेल तर जठराचे दोन कप्पे झाल्यासारखे दिसतात, मधे एक घडी. ब्रूनोचा एक्स-रे दाखवताना डॉक्टर म्हणाल्या, "पॉपायचा दंड आठवतो?" अगदी तसंच दिसत होतं.

हवा काढल्यावर कुत्र्याला हुशारी येते, आणि इथे बरेचजण फसतात. हवा गेली तरी पीळ राहू शकतो. तो सोडवायला शस्त्रक्रियाच लागते. त्यात जठर पूर्ववत फिरवतात, मेलेला भाग कापतात, गरज पडली तर प्लीहा काढतात आणि जठराची भिंत उजव्या बाजूला पोटाच्या भिंतीला शिवून टाकतात, म्हणजे ते पुन्हा फिरणार नाही. या टाक्याला गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. तो न घालता सोडलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक कुत्र्यांना पुन्हा पीळ पडतो. जॉन ग्रोगन यांचं 'मार्ली अँड मी' वाचलेल्यांना किंवा सिनेमा पाहिलेल्यांना शेवट आठवत असेल. मार्लीचा पहिला पीळ शस्त्रक्रियेशिवाय सुटला होता, दुसऱ्यानं त्याला नेलं.

शस्त्रक्रियेनंतरही एक-दोन दिवस धास्तीचे असतात. अडलेलं रक्त परत वाहायला लागलं की साठलेली घातक द्रव्यं शरीरभर जातात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ब्रूनोला तीन दिवस ईसीजीच्या तारा लावून ठेवलं होतं.

आता पैशांचं बोलू, कारण रात्री साडेबाराला तेच समोर येतं. खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद आमच्या हातात दिला गेला तेव्हा त्यावर सात हजार डॉलरच्या वरचा आकडा होता आणि खाली सही करायला जागा. विमा नव्हता. बायको माझ्याकडे बघत होती, आई आम्हा दोघांकडे. आकडा तिला वाचता आला होता. रुपयांत करू नकोस, एवढंच मी तिला म्हणालो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ साली ब्रिटनमधल्या इमर्जन्सी दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांतले सुमारे ८० टक्के कुत्रे घरी परतले. सगळे रुग्ण धरले तर मात्र जेमतेम निम्मे. या फरकात उशिरा आलेले कुत्रे आहेत, तसेच ज्यांच्या मालकांनी त्यांना शांतपणे निरोप देणं पसंत केलं तेही आहेत. त्या मालकांना नावं ठेवायला मी धजणार नाही. पण हा विचार त्या टेबलापाशी पहिल्यांदा करावा लागू नये. मोठा कुत्रा असेल तर विमा घ्या किंवा पैसे बाजूला ठेवा, आणि तुमच्या विम्यात हे बसतं का ते आधी वाचा.

धोका कुणाला? ग्रेट डेनला सगळ्यांत जास्त. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात लॅरी ग्लिकमन आणि सहकाऱ्यांनी ११ जातींच्या १,९००हून अधिक कुत्र्यांचा मागोवा घेतला. त्यावरून ग्रेट डेनपैकी दहातल्या जवळपास चार जणांना आयुष्यात कधीतरी हा त्रास होईल असा अंदाज निघाला. सेंट बर्नार्ड, वाइमरानर, जर्मन शेफर्ड, डोबरमन, स्टँडर्ड पूडल, एकूण खोल आणि अरुंद छातीचे मोठे कुत्रे. याच गटाच्या कामातून वाढतं वय, आई-बाप किंवा भावंडाला झालेला पीळ आणि भराभर खाणं हे धोके पुढे आले. स्टँडवर उंच ठेवलेलं भांडं चांगलं, असा तोवर समज होता. त्यांच्या आकड्यांत त्यानं धोका वाढलेला दिसला. नंतरच्या काही पाहण्यांत तसं दिसलं नाही, तेव्हा तो वाद मिटलेला नाही. आम्ही स्टँड काढून टाकला. जेवणानंतर लगेच पळवू नये या सल्ल्यामागे भक्कम पुरावा नाही, पण तासभर थांबण्यात नुकसानही नाही.

खात्रीचा उपाय म्हणावा तर तोच टाका, आधीच घातलेला. नसबंदीच्या वेळी, त्याच भुलीत, गॅस्ट्रोपेक्सी करून घेता येते. दुर्बिणीतूनही होते. त्यानंतर पोट हवेनं फुगू शकतं, पण पीळ पडणं फार दुर्मीळ. धोक्याच्या जातीचं पिल्लू घरी असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना याबद्दल विचारा. पुण्या-मुंबईत भावाकडे किंवा आईवडिलांकडे ग्रेट डेन किंवा शेफर्ड असेल तर त्यांनाही कळवा. तिथे मध्यरात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघंही मिळतील असे दवाखाने थोडे आहेत, म्हणजे हा टाका तिथे जास्तच मोलाचा.

ब्रूनो चौथ्या दिवशी घरी आला, पोटावर स्टेपलची रांग आणि गळ्यात प्लास्टिकचा कर्णा घेऊन. आता त्याला दिवसातून तीनदा थोडं थोडं, चक्रव्यूह असलेल्या भांड्यात खायला मिळतं आणि ते त्याला मुळीच आवडलेलं नाही. इमर्जन्सी दवाखान्याचा नंबर फ्रिजवर आहे. त्याच्याखाली आईनं जाण्यापूर्वी मराठीत लिहून ठेवलंय: "ओकतोय पण पडत नाही = गाडी काढा."