मालकीचा गेंडा

दक्षिण आफ्रिकेतील निम्म्याहून अधिक पांढरे गेंडे सरकारी अभयारण्यांत नव्हे, तर खासगी जमिनींवर राहतात. पुरेसे कुंपण असल्याचा दाखला मिळालेल्या जमिनीवरचा वन्य प्राणी बाहेर निसटला, तरी तो जमीनमालकाचाच राहील, अशी तजवीज तेथे १९९१ च्या कायद्याने केली. या मालकीमुळे गेंडे वाचले, ही गोष्ट नाकारता येत नाही; मात्र त्याच मालकीने त्यांच्या जगण्याची सांगड शिंगाच्या भावाशी घातली.

शिंग हाडाचे नसते. आपल्या नखांप्रमाणेच ते केराटिनचे असते आणि कापले तरी पुन्हा वाढते. बेशुद्ध केलेल्या गेंड्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून व कानांत बोळे घालून, वाढीचा जिवंत भाग सोडून करवतीने शिंग उतरवतात आणि उरलेला खुंट घासून गुळगुळीत करतात. ग्रेटर क्रूगर परिसरातील ११ राखीव क्षेत्रांचा २०१७ ते २०२३ या काळातील अभ्यास २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला; शिंगे उतरवल्यामुळे चोरटी शिकार सुमारे ७८ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. तरीही उरलेल्या खुंटासाठी गेंडे मारले गेलेच.

खरा वाद उतरवलेल्या शिंगांचा होता. आंतरराष्ट्रीय व्यापार १९७७ पासून बंद आहे. देशांतर्गत विक्रीलाही सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये स्थगिती दिली. त्यानंतरही शिकार वाढतच गेली आणि २०१४ मध्ये एका वर्षात १,२१५ गेंडे मारले गेले. जमीन-बांधकाम व्यवसायातून गेंडापालनाकडे वळलेले जॉन ह्यूम आणि आणखी एक गेंडापालक स्थगितीविरुद्ध न्यायालयात गेले. शिंगे विकता आली नाहीत, तर पहारेकऱ्यांचा पगार कोठून द्यायचा, हा ह्यूम यांचा सवाल होता आणि तो पोकळ नव्हता. नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने स्थगिती रद्द केली. परंतु निर्णयाचा आधार गेंड्यांचे हित नव्हता, तर लोकांशी कायद्याप्रमाणे सल्लामसलत झाली नव्हती, हा होता. व्यापाराने गेंडा वाचतो की मरतो, हा मूळ प्रश्न अशा रीतीने अनिर्णितच राहिला.

ऑगस्ट २०१७ मध्ये ह्यूम यांनी शिंगांचा ऑनलाइन लिलाव केला. विक्री देशापुरतीच मर्यादित असतानाही लिलावाचे संकेतस्थळ व्हिएतनामी व चिनी भाषांतही होते आणि ‘देशांतर्गत’ या शब्दाचा फोलपणा त्यावरूनच दिसून येतो. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ह्यूम यांच्यावर शिंगांच्या तस्करीचे आरोप ठेवण्यात आले. त्यांनी ते नाकारले आहेत. याउलट आसामने सप्टेंबर २०२१ मध्ये साठ्यातील २,४७९ शिंगे जाळून शिंगाला बाजारमूल्य नाही, ही भूमिका उघडपणे घेतली.

क्लर्क्सडॉर्पजवळच्या ७,८०० हेक्टरांवर ह्यूम यांनी सुमारे २,००० गेंडे जोपासले. पहाऱ्याचा खर्च झेपेना, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी हा सारा प्रकल्प लिलावात काढला. एकही बोली आली नाही. ज्या बाजारावर गेंड्यांच्या रक्षणाची भिस्त ठेवली होती, त्यानेच जिवंत गेंड्यांकडे पाठ फिरवली. सप्टेंबरमध्ये ‘आफ्रिकन पार्क्स’ या संरक्षण-संस्थेने प्रकल्प विकत घेतला आणि दहा वर्षांत हे गेंडे सुरक्षित नैसर्गिक क्षेत्रांत सोडण्याचे ठरवले. खासगी पालकांनी वाढवलेल्या प्राण्यांच्या रक्षणाचा भार अखेर समाजानेच उचलला पाहिजे. तो शिंगाच्या भावावर सोडणे म्हणजे कुंपणाची राखण चोराकडे देणे होय.