मक्यातला म

श्रावणातली सकाळ. सिल्लोड तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीच्या भिंतीला लागूनच मक्याचं वावर आहे. मिरची तोडायला निघालेल्या बाया जाता जाता लेकरं सोडून जातात. एखादीच्या कडेवर तान्हं असतं, त्याची चार वर्षांची बहीण पदर धरून मागे. सेविका ताई सतरंजी झटकून अंथरते, मदतनीस मावशी खिचडीची डाळ धुवायला घेते. पाटी-पेन्सिल कुठेच दिसत नाही. सतरंजीच्या मधोमध एक परात ठेवलेली असते आणि तिच्यात गेल्या हंगामातली वाळलेली कणसं.

मुलं दाणे सोलायला बसतात. आधी सगळा पंजा कणसावर आवळला जातो, दाणा काही हलत नाही. मग अंगठा पुढे येतो, तर्जनी त्याला टेकते, मधलं बोट खालून आधार देतं आणि पहिला दाणा टच्‌कन निघतो. पेन्सिल धरायलाही हीच तीन बोटं लागतात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. त्याच्या हाती पेन्सिल देऊन पानभर ‘अ’ गिरवून घेतला, तर तो खांद्यापासून जोर लावतो. बोटं पांढरी पडतात, जीभ बाहेर येते, कागद फाटतो. कणीक तिंबणं, तुरीच्या शेंगा सोलणं, तांदळातले खडे वेचणं ही सगळी लिहिण्याचीच पूर्वतयारी आहे, आणि सिल्लोडच्या कुठल्याही घरात ती फुकट होते.

दाणे सोलून झाले की परात रिकामी होते आणि तिच्यात बारीक माती पसरली जाते. मुलं बोटाने रेघा ओढतात. जुन्या पंतोजींच्या शाळेत हीच धूळपाटी होती. पोरं धुळाक्षरं गिरवायची आणि सुरुवात ‘ॐ नमः सिद्धम्’ने व्हायची. त्याचंच पुढे ‘ओनामासी धं’ झालं, आणि कुठल्याही आरंभाला आपण ‘ओनामा’ म्हणू लागलो. त्या शाळेतली छडी गेली हे उत्तमच झालं. धूळपाटी मात्र राहायला हवी होती. मातीत काढलेली चूक तळहाताने पुसली की संपते. तिथे लाल शाईची फुली पडत नाही.

मातीतल्या या रेघांना एक क्रम असतो. पहिल्यांदा नुसतं गिरगटणं. मग उभ्या-आडव्या रेघा. मग गोल, पण तोंड उघडं राहिलेला. ज्या दिवशी गोलाची दोन्ही टोकं जुळतात, त्या दिवसाची ताई नोंद ठेवते, कारण त्यानंतर हात थांबायला शिकलेला असतो. पुढे अक्षरासारख्या दिसणाऱ्या खुणा येतात. वर एक आडवी रेघ आणि खाली लोंबणारं काहीबाही. हे पोर अजून एकही अक्षर लिहीत नाही, तरी आपलं लिखाण शिरोरेघेखाली टांगलेलं असतं हे त्याने दुकानांच्या पाट्यांवरून आणि एसटीवरून टिपलेलं असतं. ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

हात तयार होत असतो तेव्हाच कानाचंही काम चाललेलं असतं. ताई शब्द म्हणते, मुलं त्याच्या तुकड्यांवर टाळ्या वाजवतात. ‘मामा’ला दोन टाळ्या. ‘मका’ला दोन. ‘भाकरी’ला मोठी माणसं तीन टाळ्या मोजतात, मुलं दोनच वाजवतात आणि मुलंच बरोबर असतात. मराठी माणूस तोंडाने ‘भाक्‌-री’ म्हणतो, ‘मिर्‌-ची’ म्हणतो. लिहिताना मात्र भा, क, री अशी तीन घरं लागतात. आपण वाचून वाचून इतके सरावलो आहोत की हा फरक आपल्याला ऐकूच येत नाही. मुलाला तो येतो. म्हणून पहिल्या शब्दांत भाकरी नको आणि मिरचीही नको, घरात दोन्ही रोजच्या असल्या तरी. बोलण्यात आणि लिहिण्यात तंतोतंत एक असणारे शब्द आधी हवेत.

मग येते पत्त्यांची पाळी. ताई दोन पत्ते समोर ठेवते. एकावर ‘बैल’, दुसऱ्यावर ‘मुंगळा’. चित्र नाही, नुसते शब्द. ‘यातला बैल कोणता?’ मुलगी क्षणभर बघते आणि लांब शब्दावर, म्हणजे मुंगळ्यावर, बोट ठेवते. बैल मोठा, मग त्याचं नावही मोठंच असणार. तिचा हिशोब पक्का असतो. अर्जेंटिनाच्या एमिलिया फेरेरो यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचा असाच बारकाईने अभ्यास केला. आना तेबेरोस्की यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक 1979 मध्ये आलं. वाचता येण्याआधीच मुलं लिखाणाविषयी स्वतःचे नियम बांधत असतात, ते तपासतात आणि मोडतातही, हे त्यांनी दाखवलं. बैलाच्या नावात दोनच अक्षरं का, हा प्रश्न मुलीला एकदा पडला की शब्द वस्तूसारखा दिसत नाही, तो आवाजासारखा असतो, इथवर ती स्वतःच्या पायाने येते. ‘चूक!’ म्हणून तिचा हात बाजूला सारणारा माणूस ही वाटच बुजवून टाकतो.

आता अक्षरांचं. शासनाने 2009 मध्ये ठरवलेल्या वर्णमालेत 52 वर्ण आहेत. त्यातल्या 34 व्यंजनांना बाराखडीने गुणलं तर 400च्या वर रूपं होतात. हा डोंगर ‘अ अननसाचा’पासून क्रमाने चढायचा म्हटलं तर महिनाभराच्या स्वरांतून हाती लागणारा शब्द जवळपास एकच: आई. शब्द गोड आहे, पण पुढे? आणि अननस इथल्या किती मुलांनी पाहिला असेल?

म्हणून सुरुवात ‘म’, ‘क’ आणि काना यांनी होते. एवढ्या तीन खुणांत मका आहे, मामा आहे, काका आहे. चौथा दिवस उजाडायच्या आत मूल शब्द वाचतं, आणि तो शब्द खिडकीबाहेर वाऱ्यावर डोलत असतो. फलटणमध्ये भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी हा विचार नीट पद्धतीत बांधला. अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंनी फलटणलाच घर केलं आणि 1986 मध्ये तिथे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. वर्णमालेचा क्रम सोडून थोडी थोडी अक्षरं आणि स्वरचिन्हं गटाने घ्यायची आणि लगेच त्यांचे अर्थपूर्ण शब्द करायचे, ही त्यांची रीत महाराष्ट्रात अनेक शिक्षकांनी उचलली.

अडचणी आहेतच. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी भेटते आणि तोंडात मागून येते, त्यामुळे ‘कि’ वाचताना मुलं हटकून अडखळतात. ती उशिराच घेतलेली बरी. त्याच 2009च्या निर्णयाने मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा ठरवला, पण बाजारात मिळणारे तक्ते आणि दुकानांच्या पाट्या हिंदी वळणाच्याही असतात. ताई दोन्ही दाखवते आणि ‘हे दोघं भाऊ’ म्हणून पुढे जाते. एका मुलाचा मोठा भाऊ उर्दू शाळेत आहे. त्याचं बघून हा धाकटाही पुस्तक उलट्या बाजूने उघडतो आणि बोट उजवीकडून डावीकडे नेतो. तो चुकत नसतो. लिखाणाला दिशा असते हे त्याला कळलेलं असतं, आता दुसरी दिशा कळायची आहे. तांड्यावरून येणारी मुलगी घरी गोरमाटी बोलते. तिच्या घरचा शब्द आधी ऐकून घ्यायचा, मग मराठी शब्द त्याच्या शेजारी बसवायचा. घरच्या बोलीला हसणारी अंगणवाडी मुलाला कायमचं मुकं करू शकते.

दुपारी आया परत येतात. त्यांतली एखादी दारातच थांबते. ‘ताई, शेजारचं पोरगं ए बी सी डी लिहू राहिलं. आमचं नुसतं गाणेच म्हणू राहिलं.’ या बोलण्यामागे कळकळ असते. ज्या बाईने पाठ मोडेपर्यंत मिरची तोडली, तिला लेकराच्या वहीत काहीतरी उमटलेलं बघायचं असतं. तिची मागणी चुकीची नाही, तिला दाखवला जाणारा पुरावा चुकीचा आहे. खासगी नर्सरीतली भरलेली वही दिसते. ऐकू येऊ लागलेला आवाज दिसत नाही. म्हणून ताई तिला आत बोलावते, परातीतली माती दाखवते आणि लेकीला म्हणते, ‘आईला मका वाचून दाखव.’

हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि शिंपले, बिया, पानं यांचंच साहित्य केलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द सरकारी झाला. 2020च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ एकच पायाभूत टप्पा मानला आहे, राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रमही खेळातूनच शिकवा म्हणत होता. कागद ठीक आहे. प्रत्यक्षात वजनं, उंच्या, लसीकरणाच्या याद्या, मोबाइलवरच्या नोंदी आणि गरोदर बायांच्या घरभेटी उरकून उरलेल्या वेळात सेविकेने हे सगळं करायचं असतं. ज्या बाईकडून अख्ख्या गावाचा पाया घालून घ्यायचा, तिला सकाळचे दोन तास तरी निर्वेध मिळालेच पाहिजेत.

बाकीचं काम घराचं आहे, आणि त्याला घरात कुणी फार शिकलेलं असावं लागत नाही. आजीची गोष्ट चालते, किराण्याच्या पुडीवरचं नाव चालतं. फोन हातात असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी मोफत वाचता येतात. तेव्हा सिल्लोडच्या बाजारात दुरेघी वही घ्यायला जाल, तर ती यंदा राहू द्या. चित्रांचं एक पुस्तक घ्या, संध्याकाळी लेकराला मांडीवर घ्या आणि शब्दांखालून बोट फिरवत मोठ्याने वाचा.