अंजिराचा विसावा : थंड मुलखात आणि पुरंदरात

पुण्याहून सासवडकडे जाणारा रस्ता दिवे घाट चढून वर आला की हवा बदलते, जमीन बदलते आणि पिकेही बदलतात. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, सिंगापूर, राजेवाडी या पुरंदर तालुक्यातील गावांत अंजिराच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. २०१६ साली ‘पुरंदर अंजीर’ या नावाला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. अंजीर हे उष्ण व कोरड्या हवेचे फळ, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा नाही. तथापि हेच झाड पॅरिसच्या परिसरात, दक्षिण इंग्लंडात आणि न्यूयॉर्कच्या परसबागांतही फळते. हिवाळ्यात जेथे पारा गोठणबिंदूखाली जातो, तेथे हे झाड कसे तगते आणि त्यासाठी माणसे काय करतात, हे समजून घेतले म्हणजे आपल्या बागायतदाराच्या ‘ताण’ देण्याच्या जुन्या रीतीचाही नीट उलगडा होतो.

अंजीर हे वड, पिंपळ आणि उंबर यांच्या कुळातील झाड. उंबराचे फूल दिसत नाही म्हणून दुर्मीळ गोष्टीला ‘उंबराचे फूल’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली. अंजिराचेही तसेच. ज्याला आपण फळ म्हणतो ती वस्तुतः एक मांसल पिशवी असून शेकडो लहान फुले तिच्या आत उमललेली असतात. काही जातींना फळ धरण्यासाठी एका चिमुकल्या माशीकडून परागसिंचन व्हावे लागते. आपल्याकडील ‘पूना अंजीर’ या जातीला, तसेच थंड देशांत लावल्या जाणाऱ्या बहुतेक जातींना, त्या माशीची गरज नसते. ही गोष्ट महत्त्वाची, कारण कडाक्याच्या थंडीत झाड एक वेळ तगेल, पण माशी तगत नाही.

फळे कोणत्या फांदीवर येतात, हा या विषयातील कळीचा मुद्दा होय. अंजिराला दोन वेळा फळ धरू शकते. पहिले फळ गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर, वसंत ऋतूच्या आरंभी. दुसरे त्याच वर्षी फुटलेल्या कोवळ्या फुटीवर, उन्हाळा सरता सरता. थंडीने जुनी फांदी मेली तर पहिले फळ गेले. आणि उन्हाळा लवकर संपला तर दुसरे फळ पिकण्याआधीच हिमतुषारात सापडले. थंड देशांतील अंजिराची सारी निगा या दोन संकटांच्या मधून वाट काढण्यासाठी असते.

झोपलेले झाड आणि जागे झाड

अंजीर पानझडी वर्गातील आहे. पाने गाळून ते विसाव्यात जाते आणि त्या अवस्थेत त्याचे जून लाकूड सुमारे उणे १० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी बहुधा सोसते. त्याहून पारा बराच खाली गेला तर वरचा भाग मरतो, परंतु मुळे जिवंत असल्यास वसंतात बुडख्यापासून पुन्हा फूट येते. याउलट, जागे असलेले झाड अगदी सौम्य हिमतुषारानेही होरपळते. कोवळी पाने एका रात्रीत काळी पडतात. म्हणजे खरा धोका थंडी किती पडते यापेक्षा ती कोणत्या वेळी पडते यात अधिक आहे. झाड झोपण्यापूर्वी आलेली थंडी आणि झाड जागे झाल्यावर परतलेली थंडी, या दोन्ही वाईट.

यास्तव थंड प्रदेशातील जाणकार माळी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नत्रयुक्त खत बंद करतो आणि पाणीही हळूहळू कमी करतो. खतापाण्याच्या जोरावर उशिरापर्यंत वाढत राहिलेली फूट लुसलुशीत असते. तिचे लाकूड पक्व झालेले नसते आणि पहिल्याच थंडीत ती जाते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुरंदरचा शेतकरीही बहार धरण्यापूर्वी पाणीच तोडतो.

इंग्लंडात अंजीर बहुधा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लगटून वाढवितात. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते. मुळे मोकाट सुटू नयेत म्हणून सुमारे ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खड्डा घेऊन त्याच्या बाजूंना फरश्या उभ्या करतात व तळाशी विटांचे तुकडे ठोकून भरतात. मुळे कोंडली की पानांचा पसारा आवरतो आणि फळ धरते. तेथील उन्हाळा सौम्य असल्याने कोवळ्या फुटीवरील फळ सहसा पिकत नाही. म्हणून शरद ऋतूच्या अखेरीस माळी मोठी पण हिरवीच राहिलेली फळे तोडून टाकतो आणि फांदीच्या शेंड्याशी असलेले वाटाण्याएवढे अंकुर तेवढे राखतो. तेच अंकुर हिवाळा काढून पुढच्या उन्हाळ्यात पिकतात. मोठे फळ टाकून बारीक अंकुर जपावयाचा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु मोठे फळ थंडीत टिकतच नाही.

फ्रान्समध्ये पॅरिसलगतच्या आर्जंतेय या गावाने एकोणिसाव्या शतकात अंजिरासाठी नाव मिळविले होते. तेथील शेतकरी झाड उंच वाढू देत नसत. जमिनीलगत पसरलेल्या फांद्या हिवाळ्याच्या तोंडावर चरांत वाकवून मातीखाली झाकत आणि थंडी सरल्यावर उघडत. त्यापूर्वी, चौदाव्या लुईच्या काळात, व्हर्सायच्या राजबागेत अंजिराची झाडे लाकडी पेट्यांत लावून हिवाळ्यात आडोशाला नेत असत. राजाचा उपाय खर्चिक, शेतकऱ्याचा मातीचा. टिकाऊ कोणता ठरला हे सांगावयास नकोच.

इटलीच्या दक्षिण भागातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी सामानाबरोबर अंजिराच्या काड्याही नेल्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात या झाडांना हिवाळ्यात पुरण्याची रीत पडली. पानगळ झाल्यावर फांद्या दोरीने बांधावयाच्या, झाडाच्या एका अंगाची मुळे फावड्याने तोडावयाची, दुसऱ्या अंगाला लांब चर खणावयाचा आणि न तोडलेल्या मुळांवर झाड हळूच कलते करून चरात आडवे निजवावयाचे. वर फळ्या, पालापाचोळा आणि माती. वसंतात पुन्हा उभे करावयाचे. ज्यांना एवढे श्रम नकोत ते झाडाला गोणपाट गुंडाळतात आणि पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून शेंड्यावर बादली पालथी घालतात. येथे प्लॅस्टिक वापरू नये, असे अनुभवी लोक बजावतात. उन्हाच्या दिवशी आत उष्मा साठून झाड अवेळी जागे होते, शिवाय ओल कोंडून फांद्या कुजतात.

परदेशी थंड मुलखात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र कुंडी हाच सोपा मार्ग. पाने गळाली की कुंडी शेगडी नसलेल्या खोलीत किंवा गाडीखान्यात न्यावी. पर्णहीन झाडाला उजेड लागत नाही. माती अगदीच कोरडी पडू नये इतके पाणी अधूनमधून पुरे. उबदार दिवाणखान्यात ठेवल्यास ते झोपतच नाही.

पुरंदरचा हिवाळा पाण्याचा

आता आपल्याकडे वळू. अंजिराला विसाव्यासाठी थंडी थोडीच लागते. साधारणतः ७ अंशांखालील १०० ते ३०० तास त्याला पुरतात. पुरंदरात हिवाळ्याच्या रात्री गार असतात, पण तेवढी थंडी सलग मिळेल याचा भरवसा नाही, आणि झाडाला हिमाचे भयही नाही. पाणी चालू ठेवले तर झाड वाढतच राहते आणि फळ हवे तेव्हा, एकसारखे, धरत नाही. म्हणून जे काम थंड देशांत ऋतू करतो ते येथे शेतकऱ्याला करावे लागते. पाणी तोडावयाचे, ओळींमध्ये नांगरट करावयाची, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना ऊन दाखवावयाचे. पाने पिवळी पडून गळतात आणि झाड विसावते. यालाच ताण देणे म्हणतात. त्यानंतर छाटणी, शेणखत व खते, आळी बांधणे आणि पाणी. झाड जागे होऊन नव्या फुटीवर फळ धरते. काही बागायतदार डोळ्याच्या वरच्या बाजूस साल व थोडे लाकूड काढून खाच पाडतात. त्यामुळे खालचा डोळा फुटतो आणि फळफांद्या वाढतात.

बहार दोन. खट्टा बहार धरण्यासाठी ताण उन्हाळ्यात देतात आणि जूनच्या सुमारास बाग जागी करतात. ताण उत्तम बसतो, परंतु फळ पावसाळी दमट हवेत वाढते, तांबेरा रोगाचा उपद्रव होतो आणि गोडीही कमी. मीठा बहार धरावयाचा तर बाग सप्टेंबर-ऑक्टोबरात जागी करावी लागते. फळ उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पिकते व गोड होते. अडचण अशी की त्यासाठी ताण द्यावयाचा तो ऐन पावसाळ्यात. येथेच पुरंदरची जागा उपयोगी पडली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पाऊस बेताचा, त्यात उघडिपी आणि निचऱ्याची जमीन. ऑगस्ट-सप्टेंबरातील हा कोरडेपणा म्हणजेच या झाडाचा हिवाळा होय. भारी काळ्या जमिनीत अंजीर लावू नये असे जे सांगण्यात येते त्याचे एक कारण हेच. ओल धरून ठेवणाऱ्या मातीत ताण बसत नाही.

परतीचा पाऊस लांबला की हे गणित बिघडते. २०१९ आणि २०२० या लागोपाठच्या वर्षी पुणे जिल्ह्यात ऑक्टोबरात जोरदार पाऊस झाला. अशा पावसात झाड नीट विसावत नाही, फूट मागेपुढे येते, तांबेरा बळावतो आणि वर्षाचे उत्पन्न हातचे जाते. ज्याची सारी बाग एकाच बहारावर उभी आहे त्याला हा फटका फार मोठा. बागेचे दोन भाग करून दोन्ही बहार धरणे हा त्यातल्या त्यात सावध मार्ग दिसतो. तांबेऱ्यासाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी व गळलेली रोगट पाने गोळा करून नष्ट करणे, हे दोन्ही व्हावयास हवे. दुसऱ्याचा कंटाळा केला जातो, असे आढळते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र याच तालुक्यात जाधववाडी येथे असून ‘फुले राजेवाडी’ ही जात या विद्यापीठानेच दिली आहे. नवी लागवड करणाऱ्यांसाठी, २०१८-१९ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अंजिराचा समावेश करण्यात आला होता. लागवडीपूर्वी चालू वर्षातील तरतुदी ग्रामपंचायत सदस्यांनी कृषी कार्यालयातून समजून घ्याव्यात.

शाळेच्या बागेत अंजीर लावणे सोपे आहे. छाटणीत निघालेली बोटाएवढी जाड, जून काडी हात-दीड हात लांबीची घेऊन तिचा बराचसा भाग ओल्या, निचऱ्याच्या मातीत पुरला की ती रुजते. मुलांना फळ उभे चिरून आतील फुलांच्या रचनेचा पाठ देता येईल. मात्र कच्चे फळ वा पान तोडताना निघणारा पांढरा चीक कातडीला चुरचुरतो, तेव्हा हात लगेच धुवावेत.

विक्रीची बाजू अवघड आहे. अंजीर झाडावरच पिकावे लागते. कच्चे तोडले तर पुढे गोडी येत नाही आणि पिकलेले तोडले तर साध्या हवेत एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. पहाटे तोडावे, पानांच्या थरावर हलक्या हाताने मांडावे आणि त्याच दिवशी पुण्या-मुंबईस पोचवावे, हा क्रम त्यामुळे पडला. आपल्या बाजारातील सुके अंजीर मुख्यतः अफगाणिस्तानातून येते. पूना अंजिरात साखर तुलनेने कमी असल्याने ते वाळवून तितके चांगले होत नाही. म्हणून रस, जॅम, गर अशा प्रक्रियेकडे शेतकरी वळू लागले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पुरंदरच्या अंजिरापासून तयार केलेला पेयरस पोलंडला रवाना झाला. तो पाठविणारी पुरंदर हायलँड्स ही कंपनी शेतकऱ्यांचीच आहे.