विमा वापरल्याने नाव खराब होत नाही, माहिती लपवल्याने होते

अंबड तालुक्यातील एक ताई मध्यंतरी विहारात भेटल्या. त्यांच्या पतीचे हर्नियाचे ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरला झाले. घरात आरोग्य विम्याची चार वर्षांची पॉलिसी होती, तरी बिल त्यांनी व्याजाच्या पैशाने भरले. कारण विचारले तर म्हणाल्या, "क्लेम केला की नाव खराब होतं, पुढच्या साली पॉलिसी बंद करतात, असं सांगितलं आम्हाला."

हप्ता भरायचा कंपनीला आणि वेळ आली की जायचे सावकाराकडे! असे आणखी कुणाचे होऊ नये म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

नुसती चौकशी केली तर?

बचत गटातल्या भगिनींना सिबिल माहीत आहे. कर्जासाठी चार ठिकाणी अर्ज केले की गुण कमी होऊ शकतात. आरोग्य विम्यात ग्राहकाला असे गुण लावले जात नाहीत. हप्ता किती, अमुक आजार बसतो का, हे फोन करून विचारल्याने काहीही बिघडत नाही. ते विचारणे हा आपला हक्क आहे.

मात्र सही करून दिलेला प्रस्ताव अर्ज कंपनीने नाकारला असेल, तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या कंपनीच्या अर्जात बहुधा 'पूर्वी प्रस्ताव नाकारला होता का?' असा प्रश्न असतो. तिथे खरेच उत्तर द्यावे.

क्लेम केला तर?

क्लेमची नोंद राहते, हे खरे. पण विमा नियामक प्राधिकरणाचा (आयआरडीएआय) नियम असा की, मागील वर्षी क्लेम केला एवढ्या कारणावरून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. फसवणूक किंवा खोटी माहिती असेल तर गोष्ट निराळी. हप्ता वाढतो तो वय वाढल्याने, किंवा त्या योजनेचे दर सगळ्यांसाठीच वाढल्याने.

कोलकात्याच्या एका विमाधारकाने क्लेमसाठी दाद मागितली, म्हणून सरकारी विमा कंपनीने त्याचे नूतनीकरणच नाकारले होते. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ही कृती मनमानी ठरवली आणि विमाधारकाच्या बाजूने निकाल दिला.

परिणाम होतो तो बोनसवर. समजा पॉलिसी 5 लाखांची आहे आणि क्लेम नसलेल्या दर वर्षाला 10 टक्के बोनस आहे. तीन वर्षांत दीड लाख जमले. क्लेम केल्यावर बोनस ज्या दराने वाढला त्याच दराने उतरू शकतो, म्हणजे 1 लाख राहील. मूळ 5 लाखांना धक्का लागत नाही. म्हणून दोन-चार हजारांच्या बिलासाठी क्लेम करायचा की नाही, याचा विचार जरूर करावा. पण मोठे बिल घरातून भरू नये.

दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी नेताना, म्हणजे पोर्ट करताना, नवी कंपनी जुने क्लेम पाहते. ती नकारही देऊ शकते. म्हणून नवीन पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी सोडू नये.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तर बोनसचाही प्रश्न नाही. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. यंदा उपचार घेतले म्हणून पुढच्या वर्षी ते कमी होत नाही.

खरा घोळ कुठे होतो?

एजंट फॉर्म भरतो, फॉर्म इंग्रजीत असतो, आपण सही करतो. बीपी, शुगरच्या रकान्यात 'नाही' लिहिलेले असते. पुढे दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "बीपी कधीपासून?" आपण अंदाजे सांगतो, "असेल पाच-सहा वर्षं." ते केस पेपरवर जाते आणि क्लेम अडतो.

म्हणून सहीआधी शिकलेल्या मुलाकडून फॉर्म वाचून घ्या. आजार असेल तर लिहा. जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त 3 वर्षे थांबावे लागते, पण नंतर निश्चिंत राहता येते. पॉलिसी हाती आल्यावर चूक दिसली, तर 30 दिवसांत ती परत करता येते. दवाखान्यात तारीख आठवत नसेल तर अंदाज सांगू नका, जुने कागद दाखवा.

सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली, तर त्यानंतर माहिती दिली नाही या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. कंपनीला फसवणूक सिद्ध करावी लागते. म्हणून हप्त्यात खंड पडू देऊ नका.

क्लेम नाकारला तर?

कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम संपला असे नाही. बिल भरून, सगळी मूळ कागदपत्रे जोडून नंतर मागणी करता येते. क्लेम नाकारल्यास कोणत्या अटीखाली नाकारला, हे लेखी मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. आयआरडीएआयचा तक्रार क्रमांक 155255 आहे.

त्या ताईंना आम्ही हेच सांगितले: बिले, डिस्चार्ज कार्ड आणि पॉलिसी घेऊन आधी कंपनीकडे अर्ज करा. उशीर झाला असेल तर त्याचे कारण लिहा. आपण भरलेल्या पैशाचा हक्क मागण्यात कसली लाज आणि कसली भीती?