अँटिव्हायरस घेतला, पण सेटिंग कोण पाहणार?

कार्यालयातील संगणक आणि ई-मेल यांच्या सुरक्षेत राहून जाणाऱ्या गोष्टी

कामठी : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, अर्थात एमआयडीसीच्या संगणकांवर २१ मार्च २०२१ रोजी, रविवारी पहाटे, ‘सिनॅक’ या रॅन्समवेअरने हल्ला चढविला. फायलींना परस्पर कुलूप लावून ते उघडण्यासाठी खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमला रॅन्समवेअर म्हणतात. मुंबईचे मुख्यालय आणि राज्यातील १६ प्रादेशिक कार्यालये यांचे संगणकीय कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. नागपूरचे कार्यालयही त्याला अपवाद नव्हते. विशेष म्हणजे महामंडळाकडे अँटिव्हायरसचा परवाना होता, परंतु हे रॅन्समवेअर त्या सॉफ्टवेअरच्या ओळखीचे नव्हते. निभावले ते बॅकअपमुळे. बॅकअपच्या फायली नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या असल्याने त्यांना लागण झाली नाही.

ही घटना लहान कार्यालयांनी अधिक लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. १८२१ मध्ये वसलेल्या कामठी छावणीतील लष्करी आस्थापनांची सुरक्षाव्यवस्था स्वतंत्र असते. प्रश्न आहे तो कन्हानकाठच्या या गावातील आणि त्यासारख्या इतर गावांतील पतसंस्था, शाळा, दवाखाने, कर सल्लागार आणि ठोक व्यापारी यांचा. अशा ठिकाणी बहुधा स्वतंत्र संगणक विभाग नसतो. तंत्रज्ञ येतो, सॉफ्टवेअर घालतो, पडद्यावर हिरवी खूण दिसली की निघून जातो. पुढे वर्षभर त्या सॉफ्टवेअरकडे कोणी पाहत नाही. सभासदांच्या ठेवींचे हिशेब, रुग्णांची कागदपत्रे आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी मात्र त्याच्याच भरवशावर असतात.

ओळख पटविण्याच्या दोन पद्धती

पुण्यातील कैलास व संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ तयार केले, त्या काळी विषाणू प्रामुख्याने फ्लॉपीतून फिरत. ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी ठेवायची आणि प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहायची, ही मूळ पद्धत आजही वापरात आहे. मात्र यादीत नसलेला विषाणू तिला ओळखता येत नाही. म्हणून आजची सॉफ्टवेअर फाइलच्या वर्तनावरही पाळत ठेवतात. एखादा प्रोग्रॅम काही क्षणांत शेकडो फायली बदलू लागला, तर त्याला रोखले जाते. पडद्यावर वारंवार सूचना येतात म्हणून हीच सोय अनेकदा बंद केलेली आढळते. ती चालू आहे की नाही, हे प्रथम तपासावे.

पहिल्याच दिवशी करावयाची कामे

सॉफ्टवेअरच्या सेटिंगला पासवर्ड लावावा. तो नसेल तर कोणताही कर्मचारी, किंवा संगणकात शिरलेला विषाणू, संरक्षण बंद करू शकतो. पाच-दहा संगणक असतील तर एकाच ठिकाणाहून सर्वांवर लक्ष ठेवता येईल अशी कार्यालयीन आवृत्ती घ्यावी. कोणत्या संगणकाचे अपडेट थांबले आहे, हे तीत लगेच कळते. एका संगणकावर दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात.

हिशेबाचे सॉफ्टवेअर संथ चालते म्हणून अख्खी ‘डी’ ड्राइव्ह तपासणीतून वगळणे, ही नेहमीची चूक होय. वगळायचेच असेल तर सॉफ्टवेअरच्या निर्मात्याने सांगितलेले तेवढेच फोल्डर वगळावे. पूर्ण तपासणीची वेळ जेवणाच्या सुटीत ठेवली की कामाचा खोळंबाही होत नाही. रोजचे काम ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खात्यातून न करता साध्या खात्यातून करावे. त्यामुळे चुकून उघडलेल्या फाइलला संगणकात खोलवर हात घालता येत नाही. पेन ड्राइव्ह केवळ ठरावीक संगणकांवरच चालेल, अशी सोयही बहुतेक कार्यालयीन आवृत्त्यांत असते.

दूरवरून संगणक हाताळण्याची ‘रिमोट डेस्कटॉप’ सोय इंटरनेटवर थेट खुली ठेवणे धोक्याचे आहे. तंत्रज्ञाचे काम संपताच तशी ॲप बंद करावीत.

अँटिव्हायरसइतकेच महत्त्व ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपडेटला आहे. ‘वॉनाक्राय’ रॅन्समवेअर १२ मे २०१७ रोजी जगभर पसरले. ज्या उणिवेतून ते शिरले, तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. दोन महिन्यांत ज्यांनी तो बसविला नाही, त्यांना फटका बसला. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. असे संगणक अजून वापरात असतील तर नव्या आवृत्तीचा किंवा सुरक्षा अपडेटच्या मुदतवाढीचा निर्णय घ्यावा लागेल.

धोका ई-मेलच्या दारातून

मे २०१६ मध्ये मंत्रालयातील सुमारे दीडशे संगणकांना ‘लॉकी’ या रॅन्समवेअरची लागण झाली. बिल किंवा पावती असल्याचे भासविणारी वर्ड फाइल ई-मेलने पाठवायची आणि ती उघडून ‘मॅक्रो’ चालू करताच संगणक ताब्यात घ्यायचा, ही लॉकीची परिचित रीत होती. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप रोखण्यास सुरुवात केली. कार्यालयात ऑफिसची जुनी आवृत्ती असेल तर हे सेटिंग स्वतः करावे लागते. मेलच्या गाळणीत ‘ईएक्सई’ व ‘जेएस’ प्रकारच्या फायली सरळ अडवाव्यात. पासवर्ड लावलेली ‘झिप’ फाइल अँटिव्हायरसला उघडून पाहता येत नाही, म्हणून ती पाठविणाऱ्याकडे चौकशी केल्याशिवाय उघडू नये.

संस्थेच्या स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता असेल तर आणखी तीन नोंदी आवश्यक ठरतात. आपल्या नावाने मेल पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, याची यादी म्हणजे ‘एसपीएफ’. लिफाफ्यावरील लाखेच्या मोहरेप्रमाणे मेल वाटेत बदलला नसल्याची खूण म्हणजे ‘डीकेआयएम’. आणि या तपासणीत न उतरलेल्या मेलचे काय करावे, ही समोरच्याला दिलेली सूचना म्हणजे ‘डीमार्क’. आरंभी काही आठवडे डीमार्क केवळ निरीक्षणावर ठेवावे, अहवाल पाहावेत, आणि आपले खरे मेल अडकत नाहीत याची खात्री पटल्यावरच बनावट मेल नाकारण्याची सूचना द्यावी.

तरीही या नोंदी सर्व काही रोखत नाहीत. एखाद्या अक्षराच्या फरकाने घेतलेल्या, मिळत्याजुळत्या पत्त्यावरून आलेला मेल त्यांतून सुटू शकतो. ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, रक्कम नव्या खात्यात भरा,’ असा मेल आल्यास जुन्या, माहितीच्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारणे हाच खात्रीचा उपाय होय. मेल खात्याला पासवर्डखेरीज दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावावी आणि आपले मेल परस्पर अन्य पत्त्यावर पाठविणारा नियम कोणी घालून ठेवला नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

बॅकअपची परीक्षा

सतत जोडलेल्या हार्ड डिस्कवरील बॅकअपलाही रॅन्समवेअर कुलूप लावते. म्हणून माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, असा दंडक पाळला जातो. काम होताच डिस्क काढून ठेवावी. महिन्यातून एकदा बॅकअपमधील एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. अँटिव्हायरस जागा आहे का, हे तपासण्यासाठीही ‘आयकार’ नावाची निरुपद्रवी चाचणी फाइल उपलब्ध आहे.

हल्ला झालाच तर संगणकाची नेटवर्क केबल काढावी, वायफाय बंद करावे, पण पुरावा राहावा म्हणून काहीही पुसू नये. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्यापासून रोखण्याची शक्यता अधिक. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या व सरकारी संस्थांनी अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावयाच्या आहेत.

या कामांसाठी मोठा खर्च येत नाही. बहुतेक सोयी विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येच असतात. मात्र त्या पाहण्याची जबाबदारी कार्यालयातील एका व्यक्तीकडे लेखी सोपविलेली असावी आणि अपडेट, तपासणी व बॅकअप यांची तारीखवार नोंद एका वहीत ठेवावी. तंत्रज्ञ पुढच्या वेळी येईल तेव्हा ती वहीच प्रथम त्याच्यापुढे ठेवता येईल.